‘ढगफुटीसदृश’ म्हणजे किती मिलिमीटर?

पावसाळा आला की मराठी वृत्तपत्रांत ठरावीक शब्द गोदामातून बाहेर निघतात. जूनमध्ये पाऊस ‘दमदार हजेरी’ लावतो आणि ‘बळीराजा सुखावतो’. जुलैत पाऊस ‘दडी मारतो’. सप्टेंबरात तो ‘झोडपून काढतो’ आणि तोच बळीराजा ‘हवालदिल’ होतो. या शब्दांबद्दल आमची फारशी तक्रार नाही. ते निरुपद्रवी आहेत. वाचक ते ओलांडूनच वाचतो. तक्रार आहे ती ‘ढगफुटीसदृश’बद्दल.

ढगफुटी ही मोजायची गोष्ट आहे. वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तर हवामान खाते तिला ढगफुटी म्हणते. एवढ्याशा टापूतला पाऊस पर्जन्यमापकाला चुकवून पडू शकतो, हे मान्य. पण मग ‘मोजमाप उपलब्ध नाही’ असे लिहावे. ‘सदृश’ लावले की बातमीदार दोन्हीकडून मोकळा: ढगफुटी झाली असे तो म्हणाला नाही, झाली नाही असेही म्हणाला नाही. मथळा मात्र झाला!

‘अतिवृष्टी’चे प्रकरण याहून गंभीर आहे, कारण तिथे पैशांचा संबंध येतो. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर सरकारदरबारी ती अतिवृष्टी. पुढे पंचनामा आणि पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा अधिक भरले, तर मदत. मोजणीचे एकक मंडळ आहे. बातमीत मात्र ‘तालुक्यात अतिवृष्टी’ असते. एका तालुक्यात अनेक मंडळे असतात. एकात 90 मिलिमीटर आणि शेजारच्यात 40, असे सर्रास घडते. बातमी वाचून आशेला लागलेल्या शेतकऱ्याला आपले मंडळ यादीत नाही, हे तलाठ्याकडे गेल्यावर कळते.

पाऊस किती असमान पडतो, याचा दाखला मुंबईकरांना तरी द्यायला नको. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यात 75 मिलिमीटरही नव्हता. ‘मुंबईत धुवाधार’ या मथळ्यात दोन्ही बसतात.

रात्री पान सोडण्याची घाई आम्हाला ठाऊक आहे. पण मंडळनिहाय आकडे कृषी विभागाच्या संकेतस्थळावर असतात, तहसील कार्यालयातही एका फोनवर मिळतात. शिवाय ढिले शब्द सर्वांत सोयीचे पडतात ते प्रशासनाला. ‘पंचनामे युद्धपातळीवर सुरू’ हे वाक्य बहुधा अधिकाऱ्याच्या तोंडून जसेच्या तसे उचललेले असते. किती गावांचे झाले, किती राहिले, कधी संपणार, हे विचारलेच जात नाही. अधिकाऱ्याला बांधील ठेवणारा आकडा बातमीत नसेल, तर चार दिवसांनी जाब तरी कशाच्या आधारावर मागणार?

तालुका बातमीदारांना आमची विनंती एवढीच: मंडळाचे नाव, मिलिमीटर आणि किती तासांत, हे पहिल्याच परिच्छेदात द्या. आकडा मागूनही मिळाला नाही, तर कार्यालयाचे नाव घालून तसे सरळ छापा.