वहीपूजन आणि शेवटचे बिल

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या पेठेतला दुकानदार नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखतो, तिला हळद-फूल वाहतो आणि हात जोडतो. मला हा सोहळा फार आवडतो. परंतु गेल्या पाडव्याला त्या वहीपुढे उभा असताना माझ्या मनात एक आगाऊ प्रश्न आला, आणि तो अजून गेलेला नाही. नवी वही पुजणाऱ्या या हातांनी जुन्या वहीतली देणी फेडली आहेत काय?

या प्रश्नाला कारण झाला माझा एक जुना विद्यार्थी. हा मुलगा घरी बसून, नोकरी न धरता, करारावर कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. सांप्रत अशा माणसाला फ्रीलान्सर म्हणतात. दोन वर्षे त्याने एका व्यापारी पेढीचा सगळा कारभार कॉम्प्युटरवर बसवून दिला. वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्याच्या फोनवर दोन ओळी आल्या : काम थांबवत आहोत, सर्व काही आमच्या माणसाच्या स्वाधीन करा. दोन महिन्यांचे बिल थकलेले. त्याने ते मागितले, तेव्हा उत्तर मिळाले, “अरे, आपण घरचेच. पैसे कुठे पळून जातात?”

संध्याकाळी त्याची आई माझ्याकडे आली. “गुरुजी, पोराला काढून टाकलं हो! ऐन दिवाळीत!” मागोमाग तो स्वतः आला. डोळे लाल. “गुरुजी, सगळे पासवर्ड माझ्याकडे आहेत. बसू देत बोंबलत.”

माझे म्हणणे असे की या तिघांचेही चुकले. सारखेच चुकले असे नव्हे. पण तिघांनाही खडसावले पाहिजे.

पहिला मालक. काम संपले याबद्दल माझी त्याच्यावर तक्रार नाही. करार म्हटला की तो संपायचाच. पण ‘गरज सरो, वैद्य मरो’ हा काही धंद्याचा नियम नव्हे. खेड्यात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला संपते. साल केव्हा संपणार, धान्य किती, रोख किती, हे आरंभीच चारचौघांदेखत ठरते. त्या व्यवहारात अन्याय नव्हता असे मी म्हणत नाही, पुष्कळ होता. पण शेवट कधी, हे तरी दोघांना ठाऊक असे. आणि येथे शिकलेसवरलेले लोक दोन वर्षे लाखोंचा व्यवहार करतात आणि तो कसा संपवायचा याची एक ओळ कागदावर नाही!

आणि ते ‘घरचेच’! घरच्या माणसाला निदान भाऊबीज मिळते. याला भरपगारी रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. तो घरचा होतो तो फक्त पैसे मागायला आला की! हे प्रेम नव्हे, ही बिनव्याजी उधारी आहे.

कायदा मात्र तिला बिनव्याजी मानत नाही. 2006 सालचा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो की नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे, लेखी मुदत ठरली असली तरी, काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत दिलेच पाहिजेत. मुदत ठरली नसेल, तर 15 दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. एकटा माणूसही उद्यम नोंदणी करून या छपराखाली येऊ शकतो. नोंदणीला पैसा पडत नाही. फक्त ती काम सुरू होण्याआधी करावी. मी दहावी झालेला माणूस. मला हे वाचून समजले, तर पेढीच्या मालकाला समजत नसेल असे कसे मानू?

आता माझा विद्यार्थी. तू माझा लाडका असलास तरी तुझेही कान धरतो. पासवर्ड दाबून बसणे हा सूड आहे, वसुली नव्हे. दुकानाच्या किल्ल्या खिशात घालून पळणाऱ्या मुनीमाला आपण काय म्हणतो? 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे, ज्याला हक्क आहे त्याला त्याच्या कॉम्प्युटरपासून अडवणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लागू शकतो. त्यामागे अप्रामाणिक हेतू दिसला तर फौजदारीही. ज्याचे देणे आहे तो उजळमाथ्याने फिरेल आणि तू कोर्टाच्या पायऱ्या चढशील. असला व्यवहार कोणी सांगितला?

तुझ्या हातात याहून चांगले हत्यार आहे. मी कादंबऱ्या लिहितो, तू प्रोग्राम लिहितोस. पण 1957 सालच्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली दुरुस्ती झाल्यापासून तुझा प्रोग्रामही ‘साहित्यकृती’ आहे. म्हणजे आपण भाऊबंद! नोकराने नोकरीत लिहिलेल्यावर पहिला हक्क मालकाचा. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्यावर, विरुद्ध करार नसेल तर, पहिला हक्क लिहिणाराचा. आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लिहिणाराच्या सहीनिशी लेखीच द्यावा लागतो. तेव्हा आरंभीच लिहून घे : शेवटचे बिल पूर्ण फिटले की हक्क तुमचे. किल्ल्या त्यांच्या, त्या देऊन टाक. लेखन तुझे, ते राख.

किल्ल्या देतानाही रीत आहे. काय काय दिले याची यादी कर, काम कुठवर आले ते लिही, उरलेल्या त्रुटी लपवू नकोस, आणि मिळाल्याची लेखी पोच घे. त्याच दिवशी शेवटचे बिल तारीख घालून पाठव. तोंडी आर्जवे करीत बसू नकोस. यापुढे दोन वर्षे आमच्या धंद्यातल्या दुसऱ्या कोणाचे काम करणार नाही, असल्या कागदावर सही मागतील. भिऊ नकोस. 1872 सालच्या करार कायद्याचे सत्ताविसावे कलम अशी बंदी रद्दबातल ठरवते. त्यांची गुपिते मात्र पोटात ठेव. ती ठेवणे कायद्याआधी सभ्यतेने सांगितले आहे.

आणि आता आई. माउली, तुमच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही. तरी सांगतो, ‘काढून टाकलं’ हा शब्द घरात आणू नका. गवंडी घर बांधून उतरला तर त्याला कोणी काढलेला नसतो. घर पुरे झालेले असते. या शब्दाला भिऊनच मुले मालकाशी आधी बोलत नाहीत, पडेल दराने काम धरून ठेवतात आणि शेवटी तोंड लपवतात. काम चालू असताना मिळकतीतला काही भाग बाजूला टाकायला लावा. तीन-चार महिन्यांची तजवीज असलेला मुलगा मान वर करून बिल मागतो. ज्याच्या घरी उद्याच्या किराण्याची भ्रांत आहे, त्याला कायद्याचे कलम पाठ असूनही तोंड उघडवत नाही. मुलाचे खरे वकीलपत्र घरच्या डब्यात असते.

कोणी म्हणतील, मास्तर, प्रत्येक गोष्टीला कागद मागू लागलो तर विश्वास उरायचा कुठे? मी म्हणतो, कागद नसल्यामुळेच तो उरलेला नाही. मुलाबाळांच्या लग्नाच्या याद्या आपण करतो, त्या काय व्याह्यांवर अविश्वास म्हणून? पुढे तोंडे वाकडी होऊ नयेत म्हणूनच ना? कामाच्या आरंभी चार ओळी पुरतात : किती दिवसांच्या सूचनेने काम थांबेल, शेवटचे पैसे किती दिवसांत, काय स्वाधीन करायचे, आणि हक्क कधी जातील. या ओळी लिहायला जो मालक लाजतो, त्याचे काम न मिळाल्याचे दुःख करू नये.

माझ्या विद्यार्थ्याने यादी करून किल्ल्या परत केल्या, पोच घेतली आणि बिल पाठवले. पैसे अजून यायचे आहेत. तो पाठपुरावा करतो आहे, आणि दुसऱ्या कामाला लागला आहे. नव्या करारात या चार ओळी आहेत.

वाचकहो, यंदाच्या पाडव्यालाही वही पुजाल. अवश्य पुजा. पण कुंकवाचे बोट टेकवण्याआधी जुन्या वहीची शेवटची पाने एकदा चाळा. कोणाचे तरी शेवटचे बिल तिथे पडून असेल. ते आधी फेडा. लक्ष्मी मग पुसत येईल.