राखण कोणाची?

"तुमच्यासारखाच मोठ्ठा कुत्रा हवाय हो, बंगल्याला शोभेल असा." महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी म्हणतंच. (माझ्यासारखा नव्हे, आमच्या भीमासारखा!)

शोभेल? अहो, शोभेला कुंड्या आणा की!

भीमा ग्रेट डेन होता, 65 किलोंचा. फाटकाशी नुसता उभा राहिला तरी कुरियरवाला पाकीट भिंतीवरून टाकून पळायचा. लोकांना एवढंच दिसतं. पण हा माणसांत राहणारा प्राणी. दिवसभर साखळीला बांधलात तर तो राखण करत नाही, पिसाळल्यासारखा होतो आणि एक दिवस घरच्याच पोराला चावतो. मग दोष कुत्र्याचा. वाढ दीड-दोन वर्षं चालते म्हणून लोक हौसेने कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात. जास्तीच्या कॅल्शियमने हाडं बिघडतात. आम्हीही पाजलं, डॉक्टर ओरडले तेव्हा थांबलो.

आणि आयुष्य जेमतेम 8-10 वर्षं. भीमा सातव्या वर्षीच गेला. रात्री जेवल्यावर पोट नगाऱ्यासारखं फुगलं, उमाळे येत होते पण बाहेर काही पडेना. जठराला पीळ पडला होता. या जातीत हे बरंच होतं आणि अशा वेळी हातात काही तासच असतात, हे मला नंतर कळलं. त्या रात्री मी म्हणालो, "सकाळी बघू."

आता कुणी विचारलं की मी उलट विचारतो, रात्री दोन वाजता 65 किलो उचलून गाडीत घालायला घरात माणसं आहेत का? बहुतेक जण हसतात. त्यांना मी पिल्लू कुठे मिळतं ते सांगत नाही.