रिकाम्या हातांची विद्या

दरवर्षी २५ ऑक्टोबर हा दिवस ओकिनावात ‘कराटे दिन’ म्हणून पाळला जातो. त्या सुमारास नाहा शहराच्या हमरस्त्यावर पांढऱ्या गणवेशातील आबालवृद्ध रांगा धरून उभे राहतात आणि एकाच वेळी एकच ‘काता’ करतात. २०१६ साली अशी जवळजवळ चार हजार माणसे एकत्र आली होती. तेथे प्रतिस्पर्धी नसतो, गुण नसतात आणि जयपराजयही नसतो.

मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी मनास पडेल. काता म्हणजे बचाव आणि प्रहार यांची ठरीव क्रमाने बांधलेली मालिका. ‘सांचिन’ या कात्यात पावले मोजकीच असतात. सारा भर श्वासावर आणि शरीराच्या ताणावर असतो. गुरू शिष्याच्या खांद्यावर थापा मारून त्याची स्थिरता पारखतो. ही मोजकी पावले वर्षानुवर्षे घोटावी लागतात. खर्जाची मेहनत केलेल्या गवयास याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

तथापि परंपरेचे गोडवे गाताना तिचा इतिहास विसरून चालणार नाही. र्‍युक्यूच्या या चिमुकल्या राज्यावर १६०९ मध्ये सात्सुमाने स्वारी केली आणि १८७९ मध्ये जपानने ते खालसा केले. पुढे आन्को इतोसू यांनी ही विद्या शाळेत आणली आणि विद्यार्थ्यांसाठी ‘पिनान’ कात्यांची रचना केली. १९०८ मध्ये शासनास लिहिलेल्या पत्रात, अशी मुले पुढे सैन्यातही उपयोगी पडतील, असा युक्तिवाद त्यांनी केला होता. १९३६ मध्ये एका स्थानिक दैनिकाने बोलावलेल्या बैठकीत ‘चिनी हात’ हे जुने नाव सोडून ‘रिकामा हात’ या नावावर शिक्कामोर्तब झाले; आजचा कराटे दिन त्याच बैठकीच्या तारखेस येतो. त्यानंतर नऊच वर्षांनी, १९४५ च्या लढाईत, ओकिनावातील शाळकरी मुलांची पथके रणांगणात लोटली गेली. मग १९७२ पर्यंत बेटावर अमेरिकेचा अंमल राहिला.

यातून एकच बोध निघतो. शिस्त हा स्वयंभू सद्गुण नव्हे. ती कोणाच्या कामी येते हे पाहावे लागते. आज तीच विद्या नाहाच्या रस्त्यावर कोणावरही हात न उगारता सादर होते, यात त्या भूमीने सोसलेल्या यातनांचे उत्तर आहे असे आम्ही मानतो.

लांबणीवर पडलेले टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, तेव्हा र्‍यो कियुना यांनी कात्यात सुवर्णपदक मिळविले. ओकिनावाच्या वाट्यास आलेले ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून मात्र कराटे वगळले गेले. त्याबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. स्पर्धांमुळे असंख्य मुले या विद्येकडे वळली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जी विद्या राज्य गेल्यावर आणि युद्धाच्या वणव्यातूनही तगली, ती एका क्रीडासमितीच्या निर्णयाने खुंटेल असे समजणे हा तिचा अपमान होय.

आपल्याकडेही गावोगावी कराटेचे वर्ग चालतात. तेथे मुलांना धाडणाऱ्या पालकांनी पट्ट्याचा रंग कधी बदलणार, एवढेच विचारून थांबू नये. आपले मूल तोच काता शंभराव्या वेळी करताना कंटाळते की त्यात रमते, हेही पाहावे. खरी परीक्षा तेथेच आहे.