किमतीशेजारी वजनही लिहा

सायकलच्या दुकानात माउंटन बाइकला अडकवलेली पाटी एकदा नीट वाचावी. २१ गिअर, पुढे-मागे डिस्क ब्रेक, शॉकअप, शेवटी किंमत. वजनाचा पत्ता नसतो. पंधरा-वीस हजारांची अशी सायकल सहज पंधरा किलोंच्या घरात जाते. मागेही शॉकअप असेल तर त्याच्याही वर. घेणाऱ्याला हे कळतं ते जिन्यानं ती तिसऱ्या मजल्यावर नेताना किंवा पहिल्याच घाटात. मग वजन उतरवण्याचा खर्च सुरू होतो आणि तो बहुधा भलत्याच ठिकाणी होतो.

टायटॅनियमचे बोल्ट मागवले जातात, कार्बनचं हँडल येतं. बोल्टांमुळे वाचतात मोजके ग्रॅम. नाव-गाव नसलेलं स्वस्त कार्बन हँडल तर घेऊच नये. कार्बनमधला तडा वरून दिसेलच असं नाही, ते मोडतं ते एकदम, आणि त्यानंतरचं दाताच्या डॉक्टरांचं बिल नव्या सायकलीएवढं होऊ शकतं.

खरा ऐवज पुढच्या चिमट्यात दडलेला असतो. स्वस्त सायकलीच्या शॉकअपमध्ये लोखंडी स्प्रिंग असते आणि तो अख्खा चिमटा अडीच किलोंच्या आसपास भरतो. उसळी आवरणारी यंत्रणा त्यात जवळपास नसतेच, त्यामुळे खड्ड्यात तो दबतो आणि लगेच उसळतो. चढावर उभं राहून पायडल मारलं की पायातला जोर स्प्रिंगच खाऊन टाकते. त्या जागी साधा, बिनस्प्रिंगचा स्टीलचा चिमटा बसवला तर किलो-सव्वा किलो एका फटक्यात उतरतो. मात्र दिसला म्हणून उचलून आणला, असं करून चालत नाही. आसापासून वरच्या टोकापर्यंतची त्याची लांबी जुन्याच्या जवळपास हवी. आखूड निघाला तर सायकलीचं तोंड खाली जातं आणि उतारावर हँडल थाऱ्यावर राहत नाही. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर बसवायची सोयही चिमट्यावर पाहून घ्यावी. दगडधोंड्यांतून खरोखर सायकल घालणाऱ्यांना हा सल्ला नाही. पण कॉलेज, ऑफिस आणि महिन्यातून एखादा डांबरी घाट, एवढाच ज्यांचा पसारा आहे, त्यांच्यासाठी तो शॉकअप निव्वळ शोभेचा.

माउंटन बाइक म्हणून मुद्दाम घडवलेली पहिली सायकल कॅलिफोर्नियातल्या जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये बांधली. ती ३८ पौंडांची, म्हणजे सव्वासतरा किलोंची होती. मरिन काउंटीच्या डोंगरांतल्या कच्च्या उतारांवर ती धावली आणि तिला शॉकअप नव्हता.

चिमट्यानंतर नंबर चाकांचा. कडेला तार असलेल्या टायरऐवजी घडी होणारे टायर घेतले की प्रत्येकी शंभरेक ग्रॅम वाचतात. साधी रबरी ट्यूब दोनशे ग्रॅमच्या आसपास असते, टीपीयू या प्लास्टिकची त्याच्या निम्म्याहूनही हलकी. फिरणाऱ्या कडेचं वजन वेग घेताना जवळजवळ दुप्पट भासतं, म्हणून सिग्नलवरून सुटताना हा फरक पायाला कळतो. जड स्टँड आणि कॅरियर काढायला तर पैसाही लागत नाही. रिफ्लेक्टर मात्र राहू द्यावेत. मडगार्ड काढायचे की नाही, हे जुलैमध्ये ज्याची त्याची पाठ ठरवेल.

एवढं करून मिळतं काय? पायथ्यापासून सिंहगडापर्यंतचा चढ साधारण ६०० मीटरचा. सायकल धरून ८५ किलोंचा गडी तासाभरात वर पोचत असेल, तर एक किलो उतरवल्यानं त्याची चाळीसेक सेकंदं वाचतात. त्यापेक्षा रिमला घासणारा ब्रेक, कोरडी चेन आणि अर्धवट हवा यांचा बंदोबस्त आधी करावा. चाकाचा आऊट काढून घ्यायला मेकॅनिक कितीसे पैसे घेतो? सायकल जड जाते म्हणणाऱ्या कित्येकांची तक्रार तेवढ्यावरच मिटेल.

मोठी माणसं निदान चिमटा बदलू शकतात. मुलांच्या सायकलींचं काय? दहा वर्षांच्या, तीस किलोंच्या मुलाला जाड टायरची, डबल शॉकअपची पंधरा किलोंची सायकल म्हणजे त्याच्या निम्म्या वजनाचं धूड. पडली तर त्याला उचलता येत नाही, चढावर तो उतरून ढकलतो आणि पुढे ती बाल्कनीत धूळ खाते. आईबाप म्हणतात, पोराला आवडच नाही. त्याच पैशात बिनशॉकअपची, बऱ्या चाकांची, हलकी सायकल बनू शकते. पण गिऱ्हाईक स्प्रिंगा मोजतं, म्हणून कंपन्या स्प्रिंगा विकतात. सामान तोलायचा हुकाचा काटा दुकानात टांगून ठेवणं कुणालाही परवडेल, आणि सायकल तयार होताना तिचं वजन स्टिकरवर छापायला कंपनीला वेगळा खर्च येत नाही. तोवर दुकानात शिरल्यावर गिअर किती हे विचारण्याआधी गिऱ्हाइकानं सायकल एका हातानं उचलून बघावी आणि मुलाची असेल तर त्यालाच उचलायला लावावी.