अर्धवट गोधडी

"मावशी, दुपारच्या वेळी काहीतरी करत जा, म्हणजे मन रमेल." हा सल्ला मी आजवर किती जणांना दिला असेल याचा हिशेब नाही. सल्ला फुकटचा, ऐकायला गोड आणि त्याने कोणाला अपाय होत नाही, अशी माझी समजूत होती. ती समजूत भडगावातल्याच एका मावशींनी दूर केली. त्यांची हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव-गाव वगळून सांगतो.

वय साठीच्या आसपास. तक्रारी नेहमीच्या. झोप लागत नाही, छातीत धडधडते, अंग जड वाटते, जेवण नकोसे होते. रक्तदाब ठीक, साखर ठीक, हृदयाचा आलेख ठीक. मी टॉनिक दिले, बी-१२ ची इंजेक्शने दिली आणि वर हा सल्ला. त्या म्हणाल्या, "गोधडी शिवते ना भाऊ." मला बरे वाटले. आपल्या खान्देशात जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून बाया ज्या गोधड्या शिवतात, त्यासारखा छंद नाही. कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि फेऱ्या घालत घालत मधोमध यायचे. हाताला काम, डोळ्याला रंग, आणि शेवटी पांघरायला उबदार वस्तू.

पुढच्या खेपेला विचारले, गोधडी कुठपर्यंत आली? "राहिली अर्धी." मी निष्कर्ष काढला की डोळे गेले. चाळिशीनंतर जवळचे अंधूक होते, साठीला मोतीबिंदूही असतो, सुईत दोरा ओवला जात नसणार. डोळे तपासायला पाठवले, चष्मा आला. दोन महिने गेले. गोधडी तशीच, माचीवर गुंडाळलेली. मग मी मान धरली. मांडी घालून, वाकून तासन् तास शिवल्याने मान धरते, म्हणून व्यायाम शिकवले. तरी गोधडी तशीच. शेवटी एक दिवस बाहेर रुग्णांची गर्दी नव्हती म्हणून मी नीट समोर बसून विचारले, "मावशी, खरे सांगा, का सोडली?" त्या खाली बघून म्हणाल्या, "भाऊ, सुई हातमा लेवानं मनच व्हत नही."

हे वाक्य मी चार महिने आधी ऐकायला हवे होते. नुसती गोधडीच नाही, शेजारणीकडे जाणे बंद होते, नातवाच्या बोलण्याचे हसू येत नव्हते, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नव्हता. आजाराचे नाव नैराश्य. आपल्याकडे वयस्क माणसे "मन उदास आहे" असे सांगत नाहीत. ती सांगतात अंग दुखते, धडधडते, भूक नाही. आणि आम्ही डॉक्टर लोक त्या अंगाला औषधे देत बसतो. थायरॉइड आणि रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घेतले, कारण त्यांच्या कमतरतेनेही असाच थकवा येतो. ते ठीक निघाल्यावर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, आणि बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने त्या थांबवायच्या नसतात, हे त्यांच्या सुनेला दोनदा समजावले. सहाव्या आठवड्यात सून एकटीच गोळ्या न्यायला आली आणि म्हणाली, "काल त्यांनी गोधडी उलगडली."

वाचकहो, यात गोधडीने मावशींना बरे केले असे कोणी समजू नये. उपचाराने त्या बऱ्या होऊ लागल्या आणि ते आधी गोधडीवर दिसले, इतकेच. ताप उतरला की पारा खाली येतो तसे. माझी चूक ही की मी छंदाला औषध समजत होतो आणि तो बंद पडला तेव्हा रुग्णाकडे न बघता त्याच्या चष्म्याकडे बघत होतो.

हातात घेतलेले काम अर्धे सोडणे हा काही आजार नव्हे. सोडत कोण नाही? आपल्यापैकी कोणाच्याही घरातल्या माळ्यावर बघा. पाचव्या धड्यावर थांबलेली पेटी, एका बाहीचा स्वेटर, रंग वाळून दगड झालेली पेटी. बहुतेक वेळा कारण साधे असते. वेळ नाही, जमेना, कंटाळा आला, दुसरे काही आवडू लागले. असा माणूस एक सोडतो आणि दुसऱ्यात रमतो. काळजी करायची ती, एका माणसाला आवडणारे सगळेच एकाच वेळी नकोसे होऊ लागले तर. भजन, शेतावरची फेरी, नातवंडे, चहाचा कट्टा, सगळ्यातला रस आटला आणि हे दोन आठवड्यांहून अधिक दिवस टिकले, झोप-भूक बिघडली, तर "आळशी झालाय" म्हणू नका, डॉक्टरकडे आणा. आपल्या भागात कापसाचे वर्ष बिघडले की अशी माणसे वाढतात, आणि त्यांत पुरुष तोंड उघडत नाहीत. जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणी केली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

छंदातली अडचण कधीकधी शरीराची पहिली हाक असते, हेही सांगायला हवे. विणकाम करणाऱ्या बाईच्या अंगठ्याला, तर्जनीला आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबत असते. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपराकडे बघावे लागते. रांगोळीची रेघ आजवर सरळ येत होती ती थरथरू लागली, किंवा जमाखर्च लिहिणाऱ्याचे अक्षर ओळीच्या शेवटी बारीक बारीक होत गेले, तर ते म्हातारपण म्हणून सोडू नये, कंपवाताची ती सुरुवात असू शकते. एक भजनी बुवा मला सांगत होते की आताशा वरचा सूर लागत नाही. आवाज बसल्याला तीन आठवडे होऊन गेले होते आणि त्यांना तंबाखूची सवय होती. त्यांना मी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे धाडले. गाठ साधी निघाली, पण निघाली. ज्याला आपल्या हाताचे किंवा गळ्याचे काम रोज करायची सवय आहे, त्याला बिघाड इतरांच्या आधी कळतो, एवढा फायदा छंदाचा निश्चित आहे.

आता माझे स्वतःचे. डॉक्टरने लोकांना शिकवायचे तर आपले भांडेही पालथे करून दाखवले पाहिजे.

लहानपणी पोळ्याला गिरणाकाठची माती आणून आम्ही पोरे बैल करायचो. माझ्या बैलाचा एक पाय हमखास मोडायचा. आई त्याला काडीचा टेकू द्यायची आणि तीन पायांच्या त्या बैलाला पुरणपोळीचा नैवेद्य मिळायचा. कोणी काही म्हणत नसे. पुढे पन्नाशी ओलांडल्यावर हौस आली म्हणून घरचा गणपती शाडूचा, स्वतःच्या हाताने करायचा असे ठरवले. पहिल्या वर्षी सोंड गळली. दुसऱ्या वर्षी दोन्ही गाल असे फुगले की आमचा कंपाउंडर म्हणाला, "साहेब, गालगुंड झालेला दिसतो." तिसऱ्या वर्षी मूर्ती खरोखर बरी जमली आणि मी बिघडलो. ओळखीच्या लोकांनी तिचे नाव एका स्पर्धेत देऊन टाकले. झाले! संध्याकाळचे रुग्ण आटोपले की मी अकरा-साडेअकरापर्यंत तिच्यावर वाकलेला. झोप कमी, मान धरलेली, आणि बोलणे कडू. लवकर वाळावी म्हणून मूर्ती पंख्याखाली ठेवली. सकाळी पोटावर आडवी भेग, डावा हात खांद्यातून सुटलेला.

कारण सांगतो, इतरांच्या उपयोगी पडेल. माती वाळताना आकसते. हात पातळ, तो लवकर वाळून आकसला. पोट जाड, ते आतून ओले. दोघांची ओढाताण सांध्यावर झाली. पंख्याने वरचा थर आणखी घाईने वाळवला. मूर्ती सावलीत, ओल्या फडक्याखाली हळूहळू वाळवायची असते आणि जाड भाग आतून पोकळ ठेवायचा असतो. हे मला एका कुंभारदादांनी नंतर सांगितले, आणि सांगताना ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पण त्या सकाळी मला कारण नको होते, कोणीतरी गुन्हेगार हवा होता. मुलीने रात्री मूर्तीला हात लावला होता. मी तिला इतके बोललो की ती जेवली नाही. नंतर दवाखान्यात सहज स्वतःचा रक्तदाब घेतला. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे. मन शांत व्हावे म्हणून घेतलेल्या छंदाची ही कमाई! रुग्णाला मी यावर काय म्हणालो असतो याचा विचार करून मलाच हसू आले. संध्याकाळी मुलीला बरोबर घेऊन त्याच मातीचा पातळ कालवा केला, भेग बुजवली, हात चिकटवला. स्पर्धेला मूर्ती गेली नाही. घरात बसली. भेग दिसत होती.

या अनुभवानंतर मी जे वाचले त्यात एक प्रयोग लक्षात राहिला. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे माती, रंगीत पेने आणि कागदाची चिकटकामे करायला दिली. आधी व नंतर त्यांच्या लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक, मोजले. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत ते उतरले. पूर्वी कला येत होती की नव्हती, याने फरक पडला नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. मला त्यातला उरलेला एक-चतुर्थांश भाग जास्त जवळचा वाटतो. त्यांचे उतरले नाही. तिसऱ्या वर्षीचा मी त्यांच्यातला.

अर्धवट काम डोक्यातून जात नाही हेही खरे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली लिहिले होते की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मध्येच तुटलेले काम माणसाच्या जास्त स्मरणात राहते. पुढच्या सगळ्या प्रयोगांत तसे आढळले नाही, पण रात्री दोनला एका बाहीच्या स्वेटरची आठवण येणाऱ्यांना पटेल. त्यावर माझा उपाय घरगुती आहे. जे पुरे करायचे नाही ते सरळ कोणाला तरी देऊन टाकावे किंवा उसवावे. माळ्यावर ठेवून वर्षानुवर्षे स्वतःला दोष देण्यात काय अर्थ?

आपल्या जिल्ह्यात छंदाची दोन मोठी उदाहरणे आहेत आणि दोन्ही लोक चुकीच्या कारणासाठी सांगतात. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. जात्यावर, शेतात काम करता करता त्यांनी गाणी रचली. त्यांना लिहिता येत नव्हते, घरच्यांनी टिपून ठेवले तेवढे राहिले. त्या १९५१ साली गेल्या आणि पुस्तक निघाले १९५२ साली, मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे. लोक म्हणतात, बघा, शेवटी केवढे नाव झाले. पण त्या बाईने नावाची वाट पाहत जाते ओढले नव्हते. ऐन तारुण्यात वैधव्य आले, आणि काम करता करता गाणे चालू राहिले. डॉक्टर म्हणून मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते.

दुसरे आमच्या शेजारच्या चाळीसगावचे केकी मूस. मुंबईत १९१२ साली जन्म, इंग्लंडला जाऊन शिकले, आणि परत आल्यावर चाळीसगावच्या घरात जवळजवळ कोंडून घेतल्यासारखे राहिले, ते १९८९ साली निधन होईपर्यंत. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून त्यांतून डोंगर-मैदानांचा भास होणारी छायाचित्रे, कागदाच्या घड्या, लाकूडकाम, चित्रे. रेल्वे स्थानकाजवळचे ते घर आज संग्रहालय आहे. जरूर बघा, मुलांना दाखवा. मात्र एकांताचा तो भाग कोणी उचलू नये असे माझे मत आहे. त्यांना तो पेलला, त्यांची कला असामान्य होती. आपल्यासारख्यांनी दार लावून घेतले तर आतून मूर्ती निघत नाही, रक्तदाब निघतो. चार माणसांत बसून हात चालवावेत. आमच्याकडच्या बाया गोधडी शिवायला एकत्र बसतात तेव्हा कोपरे कोणी, मध्य कोणी धरते, आणि टाके वाकडे आले तर कोणाचे ते कळतही नाही.

घरच्यांनाही एक विनंती. कोणी काही करत बसले की "याचा उपयोग काय?" आणि जरा जमले की "विकायला काढ ना" ही दोन वाक्ये आठवडाभर तरी बंद ठेवावीत. विकायला काढले की गिऱ्हाईक आले, मुदत आली, मग तो धंदा झाला. धंदा चांगलाच, पण मग मन रमवायला दुसरे काही शोधावे लागते.

मावशी परवा रक्तदाब दाखवायला आल्या होत्या. गोळ्या चालू आहेत, झोप लागते. गोधडीचे विचारले तर म्हणाल्या, मधला भाग सगळा उसवला, हिरव्या लुगड्याचा तुकडा डोळ्यांना बरा वाटेना, आता लाल शोधते आहे. म्हणजे काम पुन्हा चार महिने मागे गेले. मी त्यांना काही सुचवले नाही. चष्म्याला वर्ष झाले होते, तेवढा नंबर तपासून घ्या म्हणालो.