मध्येच कोण आलं?

शहरात कुठेही अपघात झाला की पाच मिनिटांत गर्दी जमते आणि त्या गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येते, "अहो, ते एकदम मध्येच आले!" हे 'ते' म्हणजे कधी दुधाची पिशवी घेऊन घरी निघालेले आजोबा असतात, कधी शाळेतून परतणारी मुलगी असते, कधी चार घरची धुणीभांडी उरकून पाचव्या घरी सायकलवरून निघालेली बाई असते. माणूस बदलतो, वाक्य तेच राहते. गाडी चालवणारा ते म्हणतो, बघणारे म्हणतात आणि दोन-चार दिवसांनी घरचेसुद्धा म्हणू लागतात, "त्यांनी जरा बघायला हवं होतं." गेलेला माणूस आपली बाजू मांडायला येत नाही, त्यामुळे हे वाक्य कुणी तपासून बघत नाही. आज ते तपासून बघू. मध्ये म्हणजे नेमके कशाच्या मध्ये? आणि मध्ये आले कोण?

आधी एक आकडा पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यातली ३२,८२५ माणसे पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद. सायकलवाले यात धरलेलेच नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा. एखादी बस दरीत कोसळून तीस प्रवासी दगावले तर पहिल्या पानावर ठळक मथळा येतो, मंत्री धाव घेतात, चौकशी समिती नेमली जाते. हे नव्वद जण मात्र गावोगावी, चौकाचौकांत एकेकटे जातात. त्यांच्या वाट्याला आतल्या पानावरच्या चार ओळी येतात, 'वाहनाच्या धडकेने पादचारी ठार'. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्वद.

आधी कोण होते?

पुण्याचेच उदाहरण घेऊ. एके काळी हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि त्याचा पुणेकरांना अभिमानही होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे जाणारे कामगार, कॉलेजच्या मुलामुली, बँकेतले कारकून, प्राध्यापक, सगळे सायकलवर. ज्याच्याकडे स्वतःची नसे तो तासाच्या भाड्याने घेई. डबलसीट बसलेले सापडले किंवा रात्री दिवा नसला तर हवालदार चाकातली हवा सोडून देत असे. वाहतुकीच्या गुन्ह्याची मजल साधारण तेवढीच. दोन सायकली एकमेकींवर आदळल्या तर गुडघे फुटत, चार शब्दांची देवाणघेवाण होई आणि दोघेही आपापल्या घरी जात. घरी जात, हे महत्त्वाचे.

मग स्कूटर आली, पाठोपाठ मोटारसायकल आली आणि सोसायटीच्या अंगणात मोटारी उभ्या राहिल्या. पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. यात वाहन घेणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. शहर वाढले, घर आणि नोकरी यांतले अंतर वाढले, बस वेळेवर मिळेना. माणूस करणार काय? दोष आहे तो पुढच्या पावलात. एवढी वाहने मावावीत म्हणून आपण रस्ते रुंद करायला निघालो. ते कुणासाठी रुंद झाले? पदपथ कापून गाडीरस्ता वाढवला, त्यालाही आपण 'रस्ता रुंदीकरण' म्हटले. चालणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते सरळसरळ अरुंदीकरण होते. जो आधीपासून रस्त्यावर होता त्याला कडेला ढकलले, मग कडाही काढून घेतली आणि आता तोच मध्ये आला म्हणतो!

पदपथ नावाची कसरत

'इंडियन रोड्स काँग्रेस' ही संस्था आपल्याकडे रस्तेबांधणीची मानके ठरवते. तिच्या मानकांप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा हवी आणि रस्त्यापासून पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे समोरासमोर आलेली दोन माणसे अंग न चोरता जातील एवढी रुंदी आणि घरातल्या एका साध्या पायरीएवढी उंची. मागणी काही फार मोठी नाही.

आता आपल्या घराजवळचा पदपथ आठवून पाहा. फूटभर उंच कठडा. त्यावर चढताना गुडघेदुखीचा माणूस शेजारच्या झाडाचा आधार शोधतो. दहा पावलांवर सोसायटीचे फाटक, म्हणून पदपथ एकदम खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. मग विजेची पेटी, ट्रान्सफॉर्मर, फलकाचा खांब, उखडलेली फरशी, दुकानाने पुढे ओढलेल्या पायऱ्या आणि ओळीने लावलेल्या दुचाक्या. गर्दीच्या वेळी तर पाठीमागून हॉर्न वाजवत पदपथावरूनच स्कूटर येते आणि वर "बाजूला व्हा की काकू!" असे सुनावले जाते. काकू बाजूला होतात, म्हणजे खाली रस्त्यावर उतरतात. तिथे काही झाले तर म्हणायला वाक्य तयारच आहे.

फेरीवाल्यांचे काय, असा प्रश्न इथे येणारच. त्यांच्यासाठी २०१४ चा कायदा आहे. पाहणी करून त्यांना जागा नेमून द्यावी असे तो सांगतो. भाजीवाली मावशी आणि चालणारा माणूस यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. तिची गिऱ्हाइके पायी चालणारीच असतात. तिच्या टोपलीने किती जागा अडते आणि समोर फुकट उभ्या केलेल्या एका मोटारीने किती, हे एकदा पावलांनी मोजून पाहावे.

वीस सेकंदांचा हिशेब

रस्त्याच्या कडेने चालणे एक, तो ओलांडणे दुसरे. चोवीस मीटर रुंदीचा रस्ता धरा. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे त्याला वीस सेकंद लागतील. सत्तरीतल्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालल्या तर त्यांना तीस सेकंद हवेत. चौकातला चालण्याचा हिरवा दिवा वीस सेकंदांत मिटला तर आजी त्या क्षणी अजून आठ मीटर अलीकडेच असतात. त्या काही मध्ये आलेल्या नसतात. त्यांना मध्ये सोडून दिलेले असते.

दुसरा हिशेब वेगाचा आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी अचानक थांबवायची झाली, तर चालवणाऱ्याला भान येऊन ब्रेक दाबायला लागणारा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर ती साधारण तेरा-चौदा मीटरवर उभी राहते. तीच गाडी ५० च्या वेगात असेल तर अठ्ठावीस मीटर लागतात. म्हणजे वीस मीटरवर एखादे मूल चेंडूमागे धावत आले, तर ३० च्या वेगात आई त्याला दोन धपाटे घालून घरी नेते. ५० च्या वेगात काय होते ते लिहायला नको. शिवाय धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ३० चा वेग ५० झाला की हा जोर जवळजवळ पावणेतीन पट होतो. मूल तेच, चूक तीच. जगणे-मरणे ठरते ते वेगावर, आणि वेग ठरतो रस्त्याच्या बांधणीवर. रस्ता सरळ, गुळगुळीत, अडथळा नसलेला केला की पाय आपोआप दाबला जातो, मग कडेला 'वाहने सावकाश चालवा' अशा कितीही पाट्या लावा.

यावर आपल्याकडचा आवडता उपाय म्हणजे पादचारी पूल नाहीतर भुयारी मार्ग. मुंबईत २००८ पासून स्कायवॉकही आले. रेल्वेचे रूळ किंवा महामार्ग ओलांडायला पूल हवाच, पण शहरातल्या साध्या रस्त्यावर तो कशासाठी? इंजिन असलेल्याने सपाटीवरून जायचे आणि गुडघे दुखणाऱ्याने तीस-चाळीस पायऱ्या चढून तितक्याच उतरायच्या, हा कुठला न्याय? मग लोक पुलाखालून दुभाजक ओलांडतात आणि आपण त्यांना बेशिस्त म्हणतो.

"पण लोकांनाही शिस्त नको का?"

हवी ना. कानाला मोबाइल लावून रस्ता ओलांडणारे आहेत, सिग्नल लाल असताना धावणारे आहेत, उलट दिशेने सायकल हाकणारेही आहेत. त्यांना आवरलेच पाहिजे. पण चूक सगळ्यांकडून होते आणि सगळ्यांच्या चुकीची किंमत सारखी नसते. पायी चालणाऱ्याची चूक बहुधा त्याच्याच जिवावर बेतते, गाडीवाल्याची दुसऱ्याच्या. ज्याच्या हातात जास्त वजन आणि जास्त वेग, त्याच्यावर जबाबदारीही जास्त. घरात आपण मुलांना हेच शिकवतो, मोठ्याने धाकट्याला सांभाळायचे.

हे जमत नाही असे नाही. आज सायकलींसाठी नावाजलेल्या नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यात चारशेहून जास्त मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा नावाची चळवळ उभी राहिली. पुढे वर्षानुवर्षे रस्त्यांची फेरमांडणी झाली, सायकलींना वेगळी वाट मिळाली, वस्त्यांमधला वेग उतरवला गेला. अलीकडे तिथले वार्षिक मृत्यू साधारण सहाशे ते साडेसातशेच्या घरात असतात. तिथली माणसे मुळातच शिस्तीची म्हणून हे झाले, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. माणसे तीच होती, रस्ते बदलले.

आपल्याकडेही वानगी आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या काही भागात पदपथ प्रशस्त केले, बाक ठेवले. तिथे ज्येष्ठ मंडळी निवांत बसलेली दिसतात, मुले खेळताना दिसतात. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद करून 'पादचारी दिन' साजरा होऊ लागला. एरवी अंग चोरून चालणारी माणसे त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चालतात आणि चालतानाच एकमेकांशी गप्पा मारतात. वर्षाचे उरलेले ३६४ दिवस कुणाचे, एवढाच प्रश्न राहतो.

कागदावर तर आपण मुळीच गरीब नाही. पुणे महापालिकेचे पादचारी धोरण २०१६ चे आहे, सायकल आराखडा २०१७ चा. त्या सुमारास आलेल्या भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. सायकलीसाठी आखलेल्या पट्ट्या कुठे बसथांब्याशी संपतात, कुठे खांबाला जाऊन भिडतात. सायकल मिळते, ती चालवायला वाट मिळत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आले. रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे कुणी दगावले तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळेमुक्त पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि ऑक्टोबरमध्ये पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी राज्यांनी सहा महिन्यांत नियम करावेत असा आदेश दिला. म्हणजे पदपथ मागणे ही आता विनवणी राहिलेली नाही.

आपल्या उंबऱ्यापासून

या सगळ्यात एक नुकसान असे आहे की ते कुठल्याच अहवालात येत नाही. आजोबांनी मंडईत जाणे सोडले, कारण मधला चौक ओलांडवत नाही. आजी देवळात जात नाहीत, घरातच हात जोडतात. दहा वर्षांच्या मुलाला समोरच्या वाण्याकडे पाठवायची आईची छाती होत नाही. शाळा हाकेच्या अंतरावर असली तरी मुले रिक्षात कोंबून पाठवली जातात, मग शाळेपुढे रिक्षांची आणि गाड्यांची गर्दी होते आणि त्या गर्दीला भिऊन आणखी दोन आईबाप गाडी काढतात. ही माणसे अपघातात सापडलेली नाहीत. ती घरात अडकली आहेत. म्हातारपणातले आणि बालपणातले एवढेसे स्वातंत्र्य आपण बिनबोभाट काढून घेतले.

म्हणून काही गोष्टी आपल्यापासूनच सुरू कराव्यात. झेब्रा पट्ट्यांवर कुणी उभे दिसले की गाडी थांबवावी. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू दे. "दोनच मिनिटं" म्हणून पदपथावर स्कूटर लावू नये, त्या दोन मिनिटांतही कुणाला तरी खाली उतरावे लागते. मुलगा कॉलेजात गेला म्हणून गाडीची किल्ली हातात ठेवताना वेगाचा वरचा हिशेब त्याला कागदावर मांडून दाखवावा. आणि नगरसेवकाकडे गेलात तर नवा उड्डाणपूल कधी होणार हे नंतर विचारा. आधी त्याला आपल्या घरापासून शाळेपर्यंत आणि दवाखान्यापर्यंत पायी चालत न्या. बरोबर एखाद्या आजी असू द्या, त्यांच्या चालीने चाला आणि रस्ता त्यांच्याच गतीने ओलांडा. निवेदनाच्या दहा कागदांनी जे होणार नाही ते त्या अर्ध्या तासात होण्याची शक्यता जास्त.

आणि पुढच्या वेळी गर्दीत कुणी म्हणाले, "ते मध्येच आले," तर शांतपणे एवढेच विचारा, "त्यांना जायला दुसरी वाट होती का हो?"