स्मृती म्हणजे साक्ष



२८ एप्रिल २०१४ रोजी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा गावी १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा अंत झाला. त्याचा देह झाडाला लटकलेला आढळला. सवर्ण मुलीशी बोलल्याचा राग धरून त्यास मारण्यात आले, असा आरोप होता. मोर्चे निघाले, पुढारी येऊन गेले, आश्वासने देण्यात आली. परंतु नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. अनेक साक्षीदार न्यायालयात फितूर झाले होते. न्यायालय जो पुरावा समोर येतो तोच तोलते. जे तोंड उघडत नाही त्यास तेथे किंमत नाही.

अशा मुलाची स्मृती आपण कशी जतन करणार? तसबिरीस हार घालून? वर्षातून एकदा मेणबत्त्या लावून? मारणाऱ्यांना मेणबत्त्यांचे भय कधीच वाटले नाही. भय वाटते ते साक्षीचे! स्मृती म्हणजे जे पाहिले ते पाहिले म्हणून सांगणे. बाकी सारा उपचार होय.

“आम्हाला त्याच गावात राहावयाचे आहे,” असे साक्षीदार म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. ज्याची मजुरी, ज्याचे पाणी, ज्याची वाट दुसऱ्याच्या हाती आहे, त्यास केवळ भेकड म्हणून हिणविणे हा अन्याय आहे. म्हणून प्रथम त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे, आणि मग त्याच्याकडून सत्याची अपेक्षा केली पाहिजे.

कायदा काय म्हणतो, ते ध्यानात ठेवा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली. तिच्यातील कलम १५-अ अन्वये पीडित, त्याचे आश्रित व साक्षीदार यांना संरक्षण, प्रवास व निर्वाहाचा खर्च, पुनर्वसन आणि गरज पडल्यास स्थलांतर यांचा हक्क मिळाला आहे. आरोपीच्या जामिनाची सुनावणी असेल तर पीडितास सूचना मिळाली पाहिजे व त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. सामाजिक कार्यकर्ता अथवा वकील यांचे साहाय्य घेण्याचाही त्यास अधिकार आहे. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेस मान्यता दिली. तीनुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे साक्षीदारास संरक्षणासाठी अर्ज करता येतो. हे हक्क भीक नव्हेत. ते मागितल्यावाचून मात्र कोणी दारी आणून देणार नाही.

“तुम्ही बौद्ध झालात, आता हा कायदा तुम्हाला लागू नाही,” असे सांगणारे भेटतील. त्यांना ठामपणे सांगा की १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा मान्य झाला आहे. धर्मांतराने आपण गुलामगिरी सोडली, कायद्याचे संरक्षण सोडले नाही!

आपण पंचशील ग्रहण केले आहे. त्यातील चौथे शील असत्यापासून अलिप्त राहण्याचे आहे. विहारात सकाळी ते उच्चारावे आणि न्यायालयात दुपारी “मी काही पाहिले नाही” म्हणावे, हा धम्म नव्हे. प्रत्येक वस्तीने साक्षीदाराच्या घरी धान्य पोहोचविण्याची, तारखेस त्याच्यासोबत जाण्याची आणि त्याच्या मुलांची शाळा सुटू न देण्याची जबाबदारी घ्यावी. एकटा साक्षीदार वाकतो. वस्ती उभी राहिली तर तो ताठ उभा राहतो.

खर्ड्याच्या त्या मुलाचे वय वाढणार नाही. आपले धैर्य वाढविणे मात्र आपल्या हाती आहे.